एक प्रोग्राम, अनेक यंत्रे : रिअर ॲडमिरल ग्रेस हॉपर

संगणकाच्या तासाला आम्ही सी भाषा शिकतो. तोच प्रोग्राम विंडोजवर आणि लिनक्सवर चालवायचा असतो. ही अडचण किती जुनी आहे हे मला ग्रेस हॉपर यांच्या चरित्रामुळे कळले.

हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कला झाला. लहानपणी त्यांनी घरातली गजराची घड्याळे एकामागून एक खोलून पाहिली. वासार कॉलेजात शिकवत असतानाच १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट मिळवली. महायुद्धात नौदलात जाण्यासाठी त्यांचे वय जास्त आणि वजन कमी भरले. तरीही खास परवानगी मिळवून त्या १९४३ मध्ये भरती झाल्या. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या मार्क-१ या अवाढव्य गणकयंत्रावर त्यांची नेमणूक झाली.

त्या काळी प्रत्येक यंत्राची भाषा वेगळी होती. यंत्र बदलले की प्रोग्राम नव्याने लिहावा लागे. हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास युनिव्हॅकसाठी ए-० हा कंपायलर तयार केला. पुढे त्यांच्या फ्लोमॅटिक भाषेच्या पायावर कोबोल उभी राहिली. कोबोलमध्ये यंत्राशी संबंधित बाबींसाठी स्वतंत्र विभाग ठेवला होता. यंत्र बदलले की मुख्यतः तेवढाच भाग बदलायचा. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम किरकोळ बदल करून आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला.

आज सी भाषेत हे काम इफडेफ करते. विंडोज असेल तर कंपायलर एक तुकडा घेतो, लिनक्स असेल तर दुसरा. बाकी प्रोग्राम तोच राहतो. एकाच ट्रकच्या चॅसिसवर मालाची पेटी बसवावी किंवा पाण्याची टाकी, तसेच हे. वाहन निर्माणीच्या जबलपूरमध्ये हे वेगळे समजावून सांगायला नको.

हॉपर यांचे पुढचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. १९६६ च्या अखेरीस त्या निवृत्त झाल्या, पण १९६७ मध्ये नौदलाने त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले. प्रत्येक कंपनीची कोबोल थोडी वेगळी वागत होती. हॉपर यांनी कंपायलर नियमाप्रमाणे चालतो की नाही, हे तपासणाऱ्या चाचण्या तयार करवून घेतल्या. सहा महिन्यांची सेवा लांबतच गेली. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचे नाव दिले आहे.

मित्रांनो, इफडेफ लिहिणे सोपे आहे. पण विंडोजवर बसले असताना लिनक्सचा तुकडा कंपायलर वगळून टाकतो, त्यामुळे त्यातली चूक दिसतच नाही. म्हणून ज्या ज्या यंत्रावर प्रोग्राम चालायचा आहे, त्या प्रत्येक यंत्रावर तो तपासलाच पाहिजे. हॉपर यांच्याकडून मी ही शिस्त घेतली आहे.