कापडाच्या रंगांनी रक्त वाचणारे डॉक्टर: पाउल एर्लिख

मुखेडहून कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी नांदेडला किंवा मुंबईला निघालेल्या पेशंटच्या पिशवीत सीबीसीचा कागद असतोच. हिमोग्लोबिनखाली न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, इओसिनोफिल अशी नावं आणि पुढे टक्के. पांढऱ्या पेशींची ही विभागणी मुळात पाउल एर्लिख यांची.

त्यांचा जन्म १८५४ सालचा, स्ट्रेलेन गावचा. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. जर्मनीत तेव्हा कापड रंगवायचे नवे कृत्रिम रंग निघाले होते. आईच्या नात्यातले कार्ल वायगर्ट ते रंग सूक्ष्मदर्शकाखाली वापरत. एर्लिख यांनाही तोच नाद लागला. १८७८ मधला त्यांचा डॉक्टरकीचा प्रबंधही रंगांवरच होता.

पुढे बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलात ते रक्ताचा थेंब काचेवर पसरायचे, उष्णतेने वाळवायचे आणि रंगवायचे. काही पेशींतले कण इओसिन हा लाल, आम्लधर्मी रंग घेत, म्हणून त्या इओसिनोफिल. आम्ल आणि अल्कली रंगांच्या मिश्रणातून झालेला ‘न्यूट्रल’ रंग घेणाऱ्या त्या न्यूट्रोफिल. इतकं सरळ आहे ते नाव!

क्षयाचे जंतू रंगवायची पद्धत त्यांनी सुधारली आणि मग स्वतःच्याच थुंकीत ते जंतू सापडले. उपचारासाठी इजिप्तला जावं लागलं. बरे होऊन परतले, १९०८ मध्ये नोबेल मिळालं, १९१० मध्ये सिफिलिसवरचं साल्व्हारसान बाजारात आलं. १९१५ मध्ये ते वारले.

त्यांच्या मोजणीचा एक उपयोग गेल्या वीसेक वर्षांत पुढे आला. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागायचं. ६० आणि ३० असतील तर उत्तर २. ८५ आणि १० असतील तर ८.५. शरीरात दाह असला की न्यूट्रोफिल वाढतात, ताण आणि कुपोषणात लिम्फोसाइट घटतात. आतड्याच्या, जठराच्या कॅन्सरवरच्या अनेक अभ्यासांत ऑपरेशनआधी हा आकडा जास्त असलेल्यांना नंतर त्रास जास्त झालेला दिसला. पण धोक्याची एकच ठरलेली रेषा नाही, आणि दाढेच्या गळूनेही आकडा चढतो. त्यामुळे घरी भागाकार करून घाबरू नका. डॉक्टर सोबत हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिनही बघतात. ते कमी असतील आणि हातात वेळ असेल, तर आधी ते सुधारायला घेतात. जुने रिपोर्टही सोबत न्या, आकडा कधीपासून चढतोय ते त्यातून कळतं.