कलामहर्षी कै. बाबूराव पेंटर

करवीरनगरीत ३ जून १८९० रोजी कृष्णराव मेस्त्री यांच्या घरी जन्मलेले बाबूराव पुढे ‘पेंटर’ या नावाने सर्वश्रुत झाले. घरची कारागिरी हीच त्यांची पाठशाळा. नात्याने बंधू असलेल्या आनंदरावांसह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव मिळविले. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रसिद्ध झाला आणि या बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा आवाक्याबाहेरचा. तेव्हा तो स्वहस्ते घडविण्याचे त्यांनी योजिले. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. तरीही बाबूराव खचले नाहीत. विष्णुपंत दामले यांच्या साह्याने १९१८ मध्ये कॅमेरा सिद्ध झाला. गायिका तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाह्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली व १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

आज संकलन हा स्वतंत्र व्यवसाय आहे. मूकपटाच्या आरंभकाळी दिग्दर्शक व त्याचे साहाय्यकच ते काम करीत. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे असतात. ती उजेडासमोर धरून पाहावयाची, कात्रीने नेमक्या जागी कापावयाची, टोक खरवडून दुसऱ्या तुकड्याशी द्रावणाने सांधावयाचे. सांधा कच्चा राहिला तर खेळ चालू असतानाच पट्टी तुटे. सुताराच्या सांध्याइतकीच येथेही हाताची परीक्षा असे. बाबूराव प्रसंग आधी कागदावर रेखाटीत. त्यामुळे कोणते दृश्य कोठे बसावयाचे, याचा विचार चित्रीकरणापूर्वीच होई. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मधील काळोखी झोपडी आणि बाहेर रडणारे कुत्रे यांची आठवण जाणकार पुढे कित्येक वर्षे काढीत.

त्यांच्या कारखान्यात दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर असे निरनिराळ्या जातिधर्मांचे तरुण शिकले. तेथे प्रमाणपत्र नव्हते. पडेल ते काम करीत विद्या हस्तगत करावयाची. १९२९ मध्ये या चौघांनी कंपनी सोडली व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच ‘प्रभात’ची स्थापना केली. गुरूच्या संस्थेस हा घाव जिव्हारी लागला व लवकरच तिची दारे मिटली. परंतु गुरूने लाविलेले रोप वाढतच राहिले. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ मध्ये व्हेनिस येथे गौरव झाला.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे देहावसान झाले. त्यांचे बहुतेक मूकपट काळाच्या उदरात गडप झाले आहेत. राहिली ती शिष्यपरंपरा. आज संकलन संगणकावर होते, कात्री व द्रावण गेले. आपल्या समाजातील जे तरुण या व्यवसायात पाऊल टाकीत आहेत, त्यांनी एवढे ध्यानी धरावे की, यंत्र बदलले तरी कोठे कापावे आणि कोठे जोडावे हा विवेक यंत्र देत नाही. तो अनुभवी हाताखाली वर्षानुवर्षे राबूनच येतो. आणि आला म्हणजे आपल्यापाशी न ठेवता पुढच्यास द्यावा लागतो.

कलामहर्षींच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.