पाव बंद करणारे डॉ. डिके

१९३०च्या सुमारास हॉलंडमधल्या हेग शहरातल्या युलियाना बालरुग्णालयात एकाच धाटणीची मुलं पुन्हा पुन्हा दाखल होत. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या, मांड्यांची कातडी लोंबणारी आणि स्वभाव कमालीचा किरकिरा. शौचाला भरपूर, फिकट, तेलकट आणि घाण वासाची. अंगावर पिणारं धडधाकट बाळ वरचं अन्न सुरू झाल्यावर काही महिन्यांत असं खंगू लागे. रुग्णालयात राहून थोडं सावरे, घरी जाई आणि परत येई. काही मुलं दगावत. विलेम कारेल डिके हे तरुण डॉक्टर तेव्हा याच रुग्णालयात बालरोगांचं शिक्षण घेत होते.

आजार नवा नव्हता. दुसऱ्या शतकातल्या अरिटेअस या ग्रीक वैद्यानं त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. पोटाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरूनच ‘सिलिॲक’ हे नाव आलं. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि हा आजार बरा व्हायचाच असेल तर तो आहारानंच होईल, असं मत मांडलं. पण कोणता आहार, हे त्यांना सापडलं नाही. त्यांच्या निबंधात एक नोंद आहे, ती मालवणी वाचकाला विशेष वाटेल. एका मुलाला रोज भरपूर डच शिनाणे खायला दिले आणि ते छान बाळसं धरू लागलं. शिनाण्यांचा हंगाम संपला, तसं ते पुन्हा खंगलं. पुढच्या हंगामात मात्र मुलानं शिनाण्यांना तोंड लावायला साफ नकार दिला! शिंपल्यांत औषध काहीच नव्हतं. पोट शिंपल्यांनी भरलं म्हणून पाव कमी पोटात जात असणार, असा तर्क आज करता येतो. पुढे १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुलं सुधारत, म्हणून श्रेय केळ्यांना मिळालं. काय खाल्लं याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. काय खाल्लं नाही, याकडे कुणी पाहिलं नाही.

डिके यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९०५ रोजी डॉर्ड्रेख्त इथला. वैद्यकीय शिक्षण लायडनला झालं. १९३६ मध्ये, अवघ्या ३१व्या वर्षी, युलियाना रुग्णालयाचं वैद्यकीय संचालकपद त्यांच्याकडे आलं. पाव आणि टोस्ट खाल्ल्यावर या मुलांचे जुलाब उलटतात, हे १९३२ मध्ये हेगमधल्या एका ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञानं बोलून दाखवलं होतं. पाव बंद केला की आपल्या मुलाच्या अंगावरचं पुरळ कमी होतं, असं एका तरुण आईनंही डिके यांना सांगितलं, अशी आठवण त्यांच्या माघारी सांगितली गेली. आईच्या अशा निरीक्षणावर ‘असं काही नसतं’ म्हणून पुढचा रुग्ण बोलावणं सोपं असतं. डिके यांनी ते केलं नाही. त्यांनी काही मुलांचा गहू पूर्ण थांबवला आणि वर्षानुवर्षं त्यांची वजनं, उंची आणि शौचाच्या तक्रारी लिहून ठेवल्या. १९४१ मध्ये डच वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी या आजारासाठी पाव आणि टोस्ट वर्ज्य असलेला एक साधा आहार सुचवला. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता आणि लेख डच भाषेत. बाहेरच्या जगानं तो वाचला नाही.

मग आला १९४४-४५चा हिवाळा. रेल्वे कामगारांच्या संपाचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडकडे जाणारं अन्न अडवलं. शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्या खाली आला आणि फेब्रुवारीत सहाशेच्या आसपास घसरला. लोकांनी साखरेचे बीट खाल्ले, ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. सुमारे २० हजार माणसं त्या हिवाळ्यात दगावली. या उपासमारीत डिके यांच्या सिलिॲकच्या मुलांची प्रकृती मात्र बिघडली नाही, उलट सुधारली. गहू मिळतच नव्हता! पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली.

ही कथा इतकी चांगली आहे की बहुतेक ठिकाणी डिके यांचा शोध याच हिवाळ्यात लागला, असं सांगितलं जातं. ते खरं नाही. त्यांचा लेख १९४१चा आहे. दुष्काळानं त्यांना नवी कल्पना दिली नाही. आधीच्या कल्पनेचा पडताळा दिला, तोही कुठल्याही डॉक्टरला मुद्दाम करता आला नसता असा. आणि तेवढ्यावरही त्यांचं समाधान झालं नाही. दुष्काळात गव्हाबरोबर इतरही बरंच काही थांबलेलं असतं, हे त्यांना कळत होतं.

म्हणून युद्धानंतर त्यांनी एकेक धान्य वेगळं करून तपासायला घेतलं. मुलं कित्येक महिने रुग्णालयात ठेवायची, त्यांचा आहार नेमका ठरवायचा आणि त्यात एका वेळी एकच धान्य घालायचं. उट्रेख्तचे रसायनतज्ज्ञ वान दे कामर यांनी शौचातली चरबी मोजण्याची सोपी पद्धत १९४९ मध्ये प्रसिद्ध केली होती. बालरोगतज्ज्ञ वेयर्स हे तिसरे सहकारी. खाल्लेल्या चरबीतली किती पचली, हा आकडा आता हाती होता. गहू आणि राय दिलं की चरबीचं शोषण कोसळे. तांदूळ, मका, बटाटा दिला की काही होत नसे. गव्हाचं पीठ पाण्यात धुऊन वेगळं केलेलं स्टार्चही सोसे. उरलेला चिवट भाग, म्हणजे ग्लूटेन हे प्रथिन, तेवढा बाधे. १९५० मध्ये डिके यांनी उट्रेख्त विद्यापीठाला याच विषयावर प्रबंध सादर केला. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी, शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तोच निष्कर्ष काढला आणि मग जगानं मान्य केलं.

असा प्रयोग बोलायला सोपा, करायला महाकठीण. तांदळाच्या आठवड्यात शेजारच्या खाटेवरून पावाचा तुकडा आला, तर सगळे आकडे फुकट. डिके यांच्या प्रयोगाची अर्धी मदार स्वयंपाकघरावर होती.

एका धान्याच्या बाबतीत त्यांचं उत्तर पुढे बदलावं लागलं. ओटही त्यांनी घातक धान्यांत धरला होता. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या अभ्यासात सिलिॲकच्या प्रौढ रुग्णांना ओट सोसतो, असं दिसलं आणि शुद्ध ओट बहुतेकांना चालतो हे पुढे मान्य झालं. अडचण ‘शुद्ध’ या शब्दात आहे. ओट पिकतो गहू आणि बार्लीच्या शेजारच्या शेतात, कापला जातो त्याच यंत्रांनी, वाहिला जातो त्याच गाड्यांतून, भरडला जातो त्याच गिरणीत. बाजारातल्या साध्या ओटमध्ये म्हणूनच गव्हा-बार्लीचे दाणे सापडतात. कणकवली-कुडाळच्या दुकानांत तब्येतीसाठी म्हणून घेतलं जाणारं ओट्सचं पाकीट सिलिॲकच्या रुग्णानं ग्लूटेनमुक्त असा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय उचलू नये, ते यासाठी. तोही डॉक्टरांना विचारून आणि थोड्या प्रमाणात सुरू करावा.

डिके यांच्या हयातीतच आणखी एक गोष्ट उलगडली. १९५६-५७च्या सुमारास तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा तुकडा काढणं शक्य झालं. निरोगी आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे लाखो सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नरस तेच शोषतात. सिलिॲकमध्ये ते झिजून सपाट झालेले दिसले. ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. ग्लूटेन थांबवलं की उंचवटे पुन्हा उभे राहतात. औषध असं अजूनही काही नाही. एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. संशय आला म्हणून आधी गहू सोडायचा आणि मग तपासणीला जायचं, असं करू नये. रक्ताची चाचणी आणि दुर्बिणीतून घेतलेला तुकडा, दोन्ही गहू खाणं चालू असतानाच खरं बोलतात.

१९५७ मध्ये डिके उट्रेख्तला बालरोगाचे प्राध्यापक आणि तिथल्या विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. २७ एप्रिल १९६२ रोजी, ५७व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

त्यांनी निर्दोष ठरवलेलं गव्हाचं स्टार्च पुढे कित्येक वर्षं युरोपात ग्लूटेनमुक्त पावासाठी वापरलं गेलं. कितीही धुतलं तरी त्यात थोडं ग्लूटेन उरतं. ‘थोडं’ म्हणजे किती, हा प्रश्न मोजमापं सुधारल्यावर पुढे आला. पावाच्या एका कापात साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्या कापाचा चाळिसावा भाग, महिनोन् महिने पोटात गेला तर आतड्याला इजा होते, असं २००७च्या एका अभ्यासात दिसलं. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना बाधत नाही. त्याच सुमारास, २००८ मध्ये, किलोमागे २० मिलिग्रॅम ही ग्लूटेनमुक्त पदार्थाची आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरली. भारतातही हीच मर्यादा लागू आहे.

आकडे हातात घेतले की सिंधुदुर्गातलं स्वयंपाकघर वेगळं दिसू लागतं. उकड्या तांदळाची पेज, घावणे, शिरवाळे, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी, माशाची आमटी. हॉलंडच्या मुलांना मिळालं नाही ते इथे आजीच्या हातचं रोज ताटात आहे. पण पेजेबरोबरच्या मेतकुटात गहू असतो. आमटीतला आणि लोणच्यातला हिंग हा बहुधा मैदा किंवा दुसरं पीठ मिसळलेला बांधणीचा हिंग असतो. डबीवर घटक बारीक अक्षरांत लिहिलेले असतात. कोंबडी-वड्यांच्या तयार पिठात तांदूळ-उडदाबरोबर गहूही असू शकतो. मुलांना दुधातून दिल्या जाणाऱ्या पावडरींतलं माल्ट बार्लीचं, सोया सॉसमध्ये गहू. हे सगळं पाकिटावर वाचता येतं. न वाचता येणारं गिरणीत आहे. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की दगडात, तोंडात आणि पिशवीत पीठ राहतं आणि पुढच्याच्या तांदळात उतरतं. चमचाभर गव्हाच्या पिठात अर्ध्या ग्रॅमहून अधिक ग्लूटेन असतं. रुग्णाच्या घरी तांदूळ धुऊन, वाळवून, गहू कधी न दळलेल्या घरघंटीत किंवा मिक्सरवर दळणं एवढाच खरा उपाय आहे. चाळण, पोळपाट आणि घावण्यांचा बिडाचा तवाही त्याचा वेगळा.

पाकिटावरच्या दोन ओळी वेगवेगळ्या वाचाव्या लागतात. ‘यात अमुक आहे’ ही ओळ घटकांबद्दल असते आणि ग्लूटेनयुक्त धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-कुर्ल्यांसारखे कवचधारी प्राणी, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन यांच्यासाठी ती भारतात सक्तीची आहे. ‘यात अमुक असू शकतं’ ही दुसरी ओळ कारखान्यातल्या सरमिसळीबद्दल असते. ती नाही म्हणून सरमिसळ नाही, असा अर्थ काढायचा नसतो. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाला या दुसऱ्या ओळीकडे केलेलं दुर्लक्ष मिनिटांत दाखवून देतं: ओठ सुजतात, श्वास अडतो, प्रसंगी जीव जातो. सिलिॲकचा रुग्ण मात्र बिस्किट खाऊन उठतो आणि कामाला लागतो. त्याचं नुकसान काही महिन्यांनी न वाढणाऱ्या उंचीत, गोळ्या घेऊनही न भरणाऱ्या रक्तात किंवा ठिसूळ हाडांत दिसतं. तोवर ते बिस्किट कुणाला आठवत नाही.

मालवणात जेवायला गेलं तर सुरमई तांदळाच्या पिठात घोळवून मागता येते. पण रव्यात घोळवलेले बांगडे ज्या तेलात तळले त्याच तेलात ती पडली, तर तेलात सुटलेला रवा तिलाही चिकटतो. त्यापेक्षा तिखल्याची किंवा आमटीची ऑर्डर द्यावी, हिंगाचं विचारून घ्यावं आणि सोबत भात.