दगडांच्या खोऱ्यातील माळी : पाळक ओबर्लीन

अमेरिकेतील ओहायो संस्थानात १८३३ साली स्थापन झालेल्या ओबर्लीन कॉलेजाचे नाव आमच्या काही वाचकांच्या कानी आले असेल. परंतु ज्या पुरुषाच्या नावावरून ते ठेविले, तो अमेरिकन नव्हता व धनवानही नव्हता. युरोपातील एका डोंगरी खोऱ्यातला तो खेड्याचा पाळक होता. त्यांनी सुमारे साठ वर्षे एकाच मंडळीची सेवा केली आणि तेवढ्या अवधीत पडीक रानाचे मळे केले. त्या मळ्यांतले पहिले झाड कोठे व कसे लागले, हे आमच्या खेड्यातील वाचकांनी अवश्य ऐकावे असे आम्हांस वाटते.

योहान फ्रीडरिख ओबर्लीन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजी आल्सास प्रांतातील स्ट्रासबर्ग शहरी झाला. वडील शिक्षक होते. कुटुंब मोठे व मिळकत बेताची. शिक्षण झाल्यावर ओबर्लीन एका लहानशा खोलीत अत्यंत काटकसरीने राहत असत व फ्रेंच पलटणीतील धर्मोपदेशकाची जागा पत्करण्याच्या बेतात होते. इतक्यात व्होज डोंगरातील बान-द-ला-रॉश येथील पाळक श्टूबर आपल्यामागून काम पाहणाऱ्या मनुष्याच्या शोधात त्यांच्याकडे आले. बिछान्यास कागदाचे पडदे, दिव्यावर टांगलेल्या लोखंडी भांड्यात शिजणारे रात्रीचे साधे जेवण, हे पाहून त्यांची खात्री झाली की, आपल्या खोऱ्यास हवा तो मनुष्य हाच. १७६७ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ओबर्लीन वाल्डर्सबाख गावी राहावयास गेले.

त्या खोऱ्यास जर्मन भाषेत दगडांचे खोरे असेच नाव आहे. सुमारे ११०० मीटर उंचीच्या डोंगराच्या उतरणीवर पाचसहा गावे वसलेली. १६१८ पासून १६४८ पर्यंत चाललेल्या युद्धाने व रोगराईने ती बहुतेक ओस पडली होती. पुढे नवी माणसे येऊन राहिली, तरी जमिनीची दैना संपली नाही. माती वाळूसारखी व पातळ. पावसाने ती धुपून ओढ्यास जाई. हिवाळा लांब व बर्फाचा. बटाट्याचे बियाणे वर्षानुवर्षे तेच लाविल्याने निकस झालेले. फळ म्हणावे तर रानटी सफरचंदे व नासपती. बाहेर जाण्यास धड रस्ता नाही. ब्रूश नदी दगडांवर पाय देत ओलांडावी लागे. अवजार मोडले तर दुसरे घेण्यास पैसा नसे.

नवा पाळक सुधारणेच्या गोष्टी बोलू लागला, तेव्हा कित्येकांस ते रुचले नाही. काहींनी त्यांस वाटेत गाठून मार देण्याचा बेत केला. ही गोष्ट ओबर्लीन यांच्या कानी गेली. त्या रविवारी त्यांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील अपकार सोसण्याच्या शिकवणीवर उपदेश केला, व उपासना आटोपल्यावर ज्या घरी ती मंडळी जमली होती तेथे ते एकटेच जाऊन उभे राहिले. दडून मारण्याचे पाप त्यांच्या माथी येऊ नये म्हणून आपण स्वतःच हाती आलो आहो, असे त्यांनी सांगितले. माणसे खजील झाली व त्यांनी क्षमा मागितली.

त्यानंतर रस्त्याचे काम निघाले. खडक फोडावयाचा, घसरत्या मातीस दगडी भिंतीचा आधार द्यावयाचा व नदीवर पूल बांधावयाचा, हे ऐकून लोकांनी माना हलविल्या. ओबर्लीन यांनी वाद घातला नाही. कुदळ खांद्यावर टाकून ते एका चाकरासह कामास लागले. ते पाहून हळूहळू गावकरीही आपापली अवजारे घेऊन आले. अशा रीतीने खोऱ्याचा माल बाहेर जाण्यास वाट झाली.

परंतु शेतीचा प्रश्न निराळा होता. रस्ता बांधणे शिकलेल्या मनुष्यास जमेल. पण शहरात वाढलेल्या पाळकाने पिढीजात शेतकऱ्यांस नांगर व झाड यांविषयी काय शिकवावे, असे लोक म्हणत. आणि हा आक्षेप अगदीच अवाजवी होता असे आम्हांस वाटत नाही. फसलेल्या प्रयोगाने पाळकाची भाकर जात नाही. शेतकऱ्याचे मात्र वर्ष जाते.

ओबर्लीन यांनी हे ओळखिले व नुकसानीचा धोका प्रथम आपल्या अंगावर घेतला. पाळकाच्या घरास जोडून दोन तुकडे होते. त्यांची माती निकृष्ट म्हणून प्रसिद्ध होती, आणि त्यांमधून शेतावर जाण्याच्या पायवाटा होत्या. नेमके हेच तुकडे त्यांनी निवडिले. चाकरास बरोबर घेऊन त्यांनी चारपाच फूट खोल चर खणिले, त्यांत चांगली माती भरिली आणि सफरचंद, नासपती, अलुबुखार, चेरी व अक्रोड यांची रोपे लाविली. शेजारी मोठी रोपवाटिका केली. मग ते वाट पाहत राहिले.

पायवाटेने जाणायेणाऱ्यांस ती झाडे रोज दिसत. वर्षे गेली, झाडे वाढली व नांवाजलेल्या खराब जमिनीत फळ धरू लागली. तेव्हा लोक आपण होऊन विचारावयास आले. ओबर्लीन यांनी प्रथम वाढविणाऱ्या देवाचे आभार मानावयास सांगितले, मग चर कसा खणावा व कलम कसे बांधावे हे हाताने करून दाखविले, आणि रोपवाटिकेतील रोपे दिली. थोड्याच वर्षांत उघडी घरे झाडांच्या सावलीत आली.

झाडे लाविली एवढ्याने मळा होत नाही, हेही त्यांस ठाऊक होते. भूक आजची असते व अक्रोडाचे फळ पुष्कळ वर्षांनी येते. म्हणून त्यांनी बाहेरून बटाट्याचे नवे बियाणे आणविले. वाळूसर मातीस ते मानवले. धाग्यासाठी जवस व जनावरांसाठी क्लोव्हर नावाचे द्विदल गवत पेरविले. असे गवत कसदार चारा देऊन जमिनीचाही कस वाढविते. गुरे मोकाट न सोडता दावणीस बांधून चारावी असा त्यांचा आग्रह असे. त्यायोगे रोपे वाचत व शेण उकिरड्यावर जमा होई. पाला, शेवाळ, देवदाराच्या जातीच्या झाडांची गळलेली पाने, मुलांनी वेचून आणिलेल्या चिंध्या व जुने जोडे, हे सर्व ते कुजवून खतात घालीत. अवजारे उधारीने मिळावी व गरजूस कर्ज मिळावे, अशीही सोय त्यांनी केली. याप्रमाणे झाड, पीक, चारा व जनावर ही एकमेकांस पोसू लागली.

त्यांनी एक नियमही घातला होता. मंडळीत दृढीकरण होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनी आपण दोन झाडे लाविल्याचा दाखला आणावा लागे. श्रद्धेचा अंगीकार व येणाऱ्या पिढीचे ऋण ही त्यांच्या मते एकाच दिवशीची कामे होती.

घरचे दुःखही त्यांस चुकले नाही. त्यांची पत्नी मादलेन सालोमे १७८३ साली वारली व लहान मुले मागे राहिली. बालशाळांच्या कामी त्यांस साहाय्य करणारी लुईझा शेप्लर हिने ते घर सांभाळिले. शोकातही त्यांनी मंडळीचे काम टाकिले नाही. १८१६ व १८१७ या महागाईच्या वर्षी युरोपात पुष्कळ ठिकाणी अन्नाचे हाल झाले, तेव्हा या डोंगरी लोकांस बटाट्याच्या शेतांनी मोठा आधार दिला. १८१८ साली पॅरिस येथील शेतकी संस्थेने ओबर्लीन यांस सुवर्णपदक दिले. १ जून १८२६ रोजी, पंचाऐंशी वर्षांचे होऊन, ते निवर्तले. फूदे गावच्या देवळाशेजारी त्यांची कबर आहे, आणि वाल्डर्सबाख येथे त्यांच्या स्मरणार्थ संग्रहालय आहे.

वाचकहो, प्रत्येक गावी एखादा पडीक तुकडा असतोच, आणि तो सुधारणार नाही असे सांगणारेही असतात. ओबर्लीन यांनी त्यांच्याशी तंटा केला नाही. सर्वांच्या वाटेवरचा वाईटातला वाईट तुकडा घेऊन त्यांनी तेथे आपले श्रम पुरिले, व उत्तर देण्याचे काम झाडांवर सोपविले. ज्याला शेजाऱ्याचे शेत सुधारावयाचे असेल, त्याने आपला चर आधी खणावा.