हाडवैद्याचा मुलगा : डॉ. ह्यू ओवेन थॉमस

आपल्या गडचिरोलीच्या रानांत कोणाचें हाड मोडलें तर पुष्कळ घरांतून प्रथम हाडवैद्याला बोलावणें जातें. ज्यांची हकीकत येथें देत आहों, ते डॉक्टर थॉमस अशाच एका हाडवैद्याच्या घराण्यांत १८३४ सालीं जन्मले. हें घराणें वेल्स देशांतील अँगलसी बेटावरचें.

वडील इव्हान हे लिव्हरपूल बंदरांत हाडें बसवीत. त्यांच्या हाताला गुण होता, पण पदवी नव्हती. म्हणून डॉक्टर मंडळींनीं त्यांना वारंवार कोर्टांत खेंचलें. तेव्हां त्यांनीं आपल्या पांचही मुलांना डॉक्टर केलें! ह्यू यांनीं १८५७ सालीं परीक्षा उतरून लिव्हरपुलांतच गोदीवरील मजुरांच्या वस्तींत दवाखाना घातला. घरींच लोहार व चर्मकार ठेवून ज्याच्या त्याच्या मापाचे आधार ते करवीत. रविवारीं उपचार फुकट असत व दाराशीं रीघ लागे. तोंडांत मात्र सदा सिगारेट. ती गोष्ट घेण्याजोगी नव्हे.

त्या काळीं क्षयानें सांधा सडला कीं शल्यवैद्य सुरी चालवीत. थॉमस पाय निश्चल ठेवून महिनोन्‌महिने थांबत. गुडघ्याच्या अशा रोगाकरितां त्यांनीं एक चौकट केली: जांघेंत बसणारें, चामड्यानें मढविलेलें कडें आणि त्यापासून पावलाखालीं जाणाऱ्या दोन सळया. पाय ताणून तळाशीं बांधला कीं हालचाल बंद.

१८९१ सालीं ते वारले, तेव्हां हजारों मजूर रस्त्यांत उभे होते. त्या चौकटीचें मोल जगाला पटलें तें पहिल्या महायुद्धांत, त्यांच्या पत्नीचे भाचे व शिष्य रॉबर्ट जोन्स यांच्या खटपटीनें. मांडीचें हाड मोडलें म्हणजे त्याचीं टोकें मांस फाडतात व आंतल्या आंत लिटरभराहून अधिक रक्त सांचतें. बाहेर थेंबही दिसत नाहीं. १९१६ सालीं असे शेंकडा ८० शिपाई दगावत, असें सांगतात. रोग्याला हलविण्यापूर्वींच चौकट बांधूं लागल्यावर १९१८ पर्यंत तें प्रमाण शेंकडा २० च्या आसपास उतरलें.

पर्लकोटेच्या पुरानें भामरागडची वाट बंद पडलेली आपण कित्येक पावसाळे पाहिली आहे. अशा दिवसांत रोग्याला खाटेवर घालून न्यावें लागतें. चौकट घरीं नसते, पण बांबू असतो, लुगडें असतें. कांखेपासून घोट्याखालींपर्यंत बांबू लावून, मोडका पाय चांगल्या पायाशीं बांधून, मगच खाट उचलावी. आणि वाटेंत बोटें थंड वा निळीं दिसूं लागलीं तर बंध सैल करावा.