नाण्याच्या पेटीशी झुंजलेला ट्रम्पेटवादक

३१ जुलै १९४२ च्या रात्री अमेरिकेतील ध्वनिमुद्रणगृहांमध्ये मोठी धांदल उडाली होती. गेले काही आठवडे गायक, वादक आणि तंत्रज्ञ यांना उसंत नव्हती. जमतील तेवढी गाणी मुद्रित करून ठेवण्याची कंपन्यांची घाई चालली होती. मध्यरात्र उलटली आणि वादक आपापली वाद्ये घेऊन घरी गेले. १ ऑगस्टपासून देशातील एकही व्यावसायिक वादक ध्वनिमुद्रिकेसाठी वाद्य हाती धरणार नव्हता. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरून तेव्हा आठ महिनेही पुरे झाले नव्हते. अशा काळात साऱ्या देशाचे संगीत अडवून धरणाऱ्या माणसाचे नाव होते जेम्स सीझर पेट्रिलो.

पेट्रिलो यांचा जन्म १६ मार्च १८९२ रोजी शिकागोत झाला. वडील इटलीतून आलेले. शहराची गटारे खणण्याच्या कामावर होते. मुलाला शाळा मानवली नाही. नऊ वर्षे शाळेत काढूनही स्वारी चौथ्या इयत्तेपुढे सरकली नाही. वर्तमानपत्रे विकणे आणि ट्रम्पेट वाजवणे यांतच त्याचे बालपण गेले. जेन अ‍ॅडम्स यांच्या प्रसिद्ध ‘हल हाऊस’ या सेवाभावी संस्थेच्या बँडमध्ये त्याला वादनाचे धडे मिळाले. चौदाव्या वर्षी त्याने स्वतःचे नृत्यवाद्यवृंद पथक काढले. मात्र वादक म्हणून आपण बेताचेच आहोत, हे त्याने लवकर ओळखले. ट्रम्पेटपेक्षा संघटना त्याला अधिक सुरात वाजवता येत होती. १९२२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो शिकागोतील वादक संघटनेचा अध्यक्ष झाला आणि पुढील चार दशके त्या खुर्चीवर राहिला.

या माणसाचा हेकटपणा समजून घ्यायचा तर त्याने आधी काय पाहिले होते, ते ध्यानात घ्यावे लागते. मूकपटांच्या काळात प्रत्येक मोठ्या चित्रपटगृहात वाद्यवृंद असे. १९२७ नंतर बोलपट आले. पडदाच गाऊ लागला आणि सुमारे २२ हजार वादकांच्या रोजीरोटीवर गदा आली. त्यातून सावरण्याआधीच महामंदीने गाठले. पाठोपाठ आकाशवाणी केंद्रांनी जिवंत वादनाऐवजी तबकड्या लावण्यास सुरुवात केली आणि १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यावर नव्याने उघडलेल्या हजारो मद्यगृहांत एक रंगीबेरंगी पेटी येऊन बसली. तिचे नाव ज्यूकबॉक्स. पुढे मुंबईतल्या काही इराणी हॉटेलांतही ती दिसू लागली. पाच सेंटांचे नाणे टाकायचे, कळ दाबायची आणि पेटीच्या पोटातील तबकड्यांपैकी हवे ते गाणे ऐकायचे. ज्या जागी पूर्वी शनिवारी रात्री चार-पाच वादकांची मैफल रंगे, तेथे आता ही पेटी वाजू लागली. ती पगार मागत नव्हती, दमत नव्हती आणि आजारीही पडत नव्हती.

गंमत अशी, की या पेट्यांचे माहेर पेट्रिलो यांच्याच गावात होते. सीबर्ग, रॉक-ओला, मिल्स या नाण्यांवर चालणारी यंत्रे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या शिकागोच्याच. न्यूयॉर्क राज्यातील नॉर्थ टोनावांडा येथील वुर्लिट्झर ही त्यांची बलाढ्य प्रतिस्पर्धी. महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकेत सुमारे चार लाख ज्यूकबॉक्स वाजत होते. मंदीत मरणपंथाला लागलेला ध्वनिमुद्रिकांचा धंदा सावरण्यात या पेट्यांचा वाटा फार मोठा होता. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन डेक्का कंपनीने तर ३५ सेंटांची स्वस्त तबकडी काढून या पेट्यांच्या जोरावरच बाजारात पाय रोवले.

वादकाला मात्र या उलाढालीतून काय मिळत असे? ध्वनिमुद्रणाच्या दिवसाची ठरलेली मजुरी, एवढेच. पुढे ती तबकडी हजार वेळा वाजली काय आणि लाख वेळा वाजली काय, त्याच्या हाती छदामही पडत नसे. कायदाही पेटीच्या बाजूने होता. १९०९ च्या स्वामित्व हक्क कायद्यात नाणे टाकून वाजणाऱ्या यंत्रांना खास सूट होती. प्रवेशशुल्क आकारले जात नसेल, तर अशा वादनाबद्दल संगीतकारालाही काही द्यावे लागत नसे. तो कायदा झाला तेव्हा ही यंत्रे म्हणजे जत्रेतली करमणूक होती. तीस वर्षांत ती एवढी मोठी होतील, याची कोणाला कल्पना असणार? वादकांनी न्यायालयाचे दारही ठोठावून पाहिले होते. वाद्यवृंदनायक पॉल व्हाइटमन यांच्या नावाने गाजलेल्या खटल्यात १९४० मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला, की तबकडी एकदा विकली गेली की तिच्या वापरावर कलावंताचा किंवा कंपनीचा ताबा राहत नाही. म्हणजे केवळ घरगुती वापरासाठी असे तबकडीवर छापण्यालाही अर्थ उरला नाही.

त्याच वर्षी पेट्रिलो ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स’ या देशव्यापी संघटनेचे अध्यक्ष झाले. सुमारे १ लाख ४० हजार सभासद त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. त्यांनी १९३७ मध्ये शिकागोपुरती ध्वनिमुद्रणबंदी करून पाहिलीच होती. एका शहराने वाद्य खाली ठेवले तर काम दुसऱ्या शहरात जाते, हा धडा त्या प्रयोगातून मिळाला होता. त्यामुळे जून १९४२ मध्ये डलास येथील अधिवेशनात त्यांनी घोषणा केली ती साऱ्या देशासाठी.

ज्यूकबॉक्सच्या धंद्यावर त्या सुमारास चहूबाजूंनी संकटे कोसळत होती. युद्धसाहित्यासाठी धातू हवा म्हणून सरकारने करमणूक यंत्रांच्या निर्मितीवर आधी कपात आणि मग बंदी आणली. १९४२ च्या पहिल्या काही महिन्यांतच नवे ज्यूकबॉक्स बनणे थांबले. रॉक-ओलाच्या कारखान्यात पेट्यांऐवजी सैन्यासाठी एम-१ कार्बाइन बंदुका तयार होऊ लागल्या. युद्धकाळात त्या कारखान्याने सव्वादोन लाखांहून अधिक बंदुका बनवल्या. वुर्लिट्झरने जुन्याच यंत्रणेला लाकूड आणि काचेचा नवा साज चढवून ‘व्हिक्टरी’ नावाची पेटी काढली. गावोगाव फिरून पेट्यांतील नाणी गोळा करणाऱ्या व्यावसायिकांना पेट्रोल आणि टायर मोजूनमापून मिळू लागले.

नाणीसुद्धा युद्धातून सुटली नाहीत. चिलखती पोलादासाठी निकेल लागत असल्याने १९४२ च्या अखेरीपासून पाच सेंटांच्या नाण्यातून निकेल काढून तांबे, चांदी आणि मँगेनीज यांचे मिश्रण वापरण्यात आले. खोटे नाणे ओळखणारी यंत्रे नव्या नाण्याला नाकारणार नाहीत, याची काळजी मिश्रण ठरवताना घ्यावी लागली. १९४३ च्या पोलादी सेंटबाबत मात्र घोळ झालाच. लोहचुंबकाला चिकटणारे हे नाणे अनेक यंत्रांनी खोटे ठरवून बाहेर फेकले.

तबकड्यांच्या टंचाईचा धागा तर थेट भारतापर्यंत पोहोचतो. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या शेलॅकपासून, म्हणजे लाखेपासून बनत. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी ही लाख प्रामुख्याने छोटा नागपूर परिसरातून येई आणि कलकत्ता बंदरातून जगभर जाई. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी आरमार बंगालच्या उपसागरात जहाजे बुडवत होते. दारूगोळ्यावरील लेपासाठीही लाख हवी होती. त्याच महिन्यात अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेच्या वापरात ७० टक्के कपात केली. नवी तबकडी हवी असेल तर जुनी आणून द्या, असे दुकानदार ग्राहकांना सांगू लागले. पेटी जुनी, तबकड्या अपुऱ्या आणि त्यात वादकही नाहीत, अशी स्थिती झाली. गिऱ्हाईक मात्र भरपूर होते. लष्करी तळांवरील शिपाई आणि युद्धकारखान्यांतील कामगार यांच्या खिशात पैसा होता आणि खर्चायला फारसे काही नव्हते. टिकून राहिलेल्या पेट्या त्यामुळे अहोरात्र वाजत राहिल्या.

पेट्रिलो यांच्यावर टीकेची झोड उठली. सीझर हे मधले नाव वृत्तपत्रांच्या पथ्यावर पडले आणि व्यंगचित्रांतून रोमन हुकूमशहाच्या वेषातील पेट्रिलो झळकू लागले. जंतूंच्या धास्तीने ते हस्तांदोलनासाठी करंगळी पुढे करत, त्याचीही टवाळी झाली. दोन्ही पदांचे मिळून ४६ हजार डॉलर वार्षिक वेतन हा चवीने चर्चिला जाणारा विषय ठरला. त्यातच इंटरलोकन येथील शालेय विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाचे नभोवाणी प्रसारण त्यांनी रोखले. शाळकरी मुलांमुळे व्यावसायिकांचे काम जाते, हे म्हणणे तर्काला धरून असेलही, पण लोकांना ते रुचले नाही. हा त्यांचा अनावश्यक हट्ट होता आणि त्याची किंमत त्यांना पुढे मोजावी लागली. युद्ध माहिती खात्याचे प्रमुख एल्मर डेव्हिस यांनी बंदी मागे घेण्याची लेखी विनंती केली; ती त्यांनी मानली नाही. न्याय खात्याने भरलेला खटला न्यायालयात टिकला नाही.

जानेवारी १९४३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली. चौथीपर्यंत शिकलेल्या या माणसाने तेथे मांडलेला युक्तिवाद आजही विचार करायला लावतो. शीतकपाट आल्यावर बर्फ विकणाऱ्याचा धंदा बुडाला हे खरे. पण ते शीतकपाट काही त्या बर्फवाल्याने बनवले नव्हते. वादकाला मात्र आपल्याला बेकार करणारी वस्तू स्वतःच्याच हातांनी घडवावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्र नको, असे ते म्हणत नव्हते. यंत्राच्या कमाईतील वाटा त्यामुळे बेकार झालेल्यांना मिळावा, एवढीच मागणी होती.

कंपन्यांनी तोवर पळवाटा शोधल्या. गायक या संघटनेचे सभासद नसल्याने वाद्यांऐवजी मागे गायकवृंद घेऊन गाणी मुद्रित होऊ लागली. तरुण फ्रँक सिनात्रा यांनी १९४३ मध्ये कोलंबियासाठी अशीच गाणी गायली. त्यांचेच १९३९ मधील एक फारसे न खपलेले गीत पुन्हा बाजारात आणले गेले आणि ते तुफान चालले. ‘कॅसाब्लांका’ चित्रपटातील गाजलेल्या गाण्याचे नवे मुद्रण शक्य नसल्याने रूडी व्हॅली यांच्या १९३१ च्या जुन्या तबकडीला नशीब उघडले. माउथ ऑर्गनला संघटना वाद्यच मानत नव्हती, त्यामुळे तो वाजवणाऱ्यांनाही मोकळे रान मिळाले. नुकसान झाले ते वेगळ्याच ठिकाणी. न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये त्याच वेळी जॅझचा ‘बीबॉप’ हा नवा प्रवाह जन्म घेत होता. त्याची ती पहिली घडण फारशी मुद्रित झालीच नाही आणि ती कायमची हरवली.

पहिली माघार घेतली डेक्काने, सप्टेंबर १९४३ मध्ये. जुन्या अभिजात संगीताचा मोठा साठा तिच्यापाशी नव्हता आणि पेट्यांना तर रोज नवी गाणी हवी होती. आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया मात्र आणखी वर्षभर अडून राहिल्या. ऑक्टोबर १९४४ मध्ये खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तार करून बंदी उठवण्याचे आवाहन केले. पेट्रिलो यांनी राष्ट्राध्यक्षांनाही नकार दिला. ११ नोव्हेंबर १९४४ रोजी दोन्ही कंपन्यांनी करारावर सह्या केल्या. प्रत्येक तबकडीमागे, किमतीनुसार पाव सेंटापासून पाच सेंटांपर्यंत, रक्कम संघटनेच्या निधीत जमा होणार होती. त्यातून बेकार वादकांना काम देऊन लोकांसाठी विनामूल्य मैफली होऊ लागल्या.

विजय मोठा होता, पण ज्याच्याविरुद्ध लढाई सुरू झाली तो ज्यूकबॉक्स यातून नामानिराळाच राहिला. पैसे दिले ते तबकडी बनवणाऱ्यांनी. पेटीत पडणाऱ्या नाण्याला कोणी हात लावू शकले नाही. काँग्रेसने १९४६ मध्ये पेट्रिलो यांना डोळ्यांसमोर ठेवूनच ली कायदा संमत केला आणि पुढच्या वर्षीच्या टाफ्ट-हार्टली कायद्याने संघटनेच्या ताब्यातील असा निधी बेकायदा ठरवला. त्यावर त्यांनी १९४८ मध्ये वर्षभर पुन्हा बंदी पुकारली आणि स्वतंत्र विश्वस्ताच्या हाती निधी सोपवून तोडगा काढला.

त्यांना खरा धक्का दिला तो आपल्याच माणसांनी. ध्वनिमुद्रणावर पोट भरणारे लॉस एंजेलिसचे वादक १९५६ मध्ये बंड करून उठले. कष्ट आमचे आणि निधी इतरांना का, हा त्यांचा सवाल होता. पेट्रिलो यांनी १९५८ मध्ये राष्ट्रीय अध्यक्षपद सोडले. १९६२ च्या अखेरीस शिकागोतील अध्यक्षपदाची निवडणूकही ते हरले. त्यांच्या कारकीर्दीत शिकागोत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांच्या शाखा वेगवेगळ्याच होत्या. १९६० च्या दशकात वादक संघटनेच्या नागरी हक्क विभागाची धुरा याच पेट्रिलो यांच्याकडे आली. शिकागोच्या दोन्ही शाखा १९६६ मध्ये एक झाल्या.

शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये १९३५ पासून सुरू झालेल्या विनामूल्य मैफली ही त्यांचीच कल्पना. तेथील खुल्या संगीत मंचाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्यूकबॉक्सला मिळालेली सूट १९७६ च्या नव्या कायद्याने रद्द झाली. तो १९७८ मध्ये अमलात आला तेव्हा पेट्रिलो ८५ वर्षांचे होते. पेटीच्या मालकाने दरसाल प्रत्येक पेटीमागे आठ डॉलर भरायचे होते आणि ती रक्कम गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्यात वाटली जाणार होती. वादकांचा त्यात वाटा नव्हता. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी शिकागोत, वयाच्या ९२ व्या वर्षी पेट्रिलो यांचे निधन झाले.