ग्रेगोर मेंडेल आणि सुरकुतलेला वाटाणा

ग्रेगोर मेंडेल हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांच्या बहिणीचे नाव मात्र फार थोड्यांनी ऐकले असेल. १८२२ साली ऑस्ट्रियन साम्राज्याच्या सायलेशिया प्रांतात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८३८ साली अंगावर ओंडका पडून वडील जायबंदी झाले व मुलाचे शिक्षण अडले. तेव्हा धाकट्या तेरेझियाने आपल्या हुंड्यातील वाटा भावाला दिला. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावून त्यांनी ते ऋण फेडले.

१८४३ साली ते ब्रनो येथील सेंट थॉमस मठात दाखल झाले. त्यामागे पोटाची चिंताही होती, हे त्यांनी कधी लपविले नाही. शिक्षकाच्या परीक्षेत मात्र त्यांना यश आले नाही.

१८५६ ते १८६३ या काळात त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे वाढविली. गुळगुळीत व सुरकुतलेल्या जातींचा संकर केला, तो पहिल्या पिढीत सगळे दाणे गुळगुळीत! दुसऱ्या पिढीत ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गुळगुळीत आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा हिशेब दाणे मांडूनच दाखवावा. सुरकुती नाहीशी झाली नव्हती, फक्त लपली होती. आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळत नाहीत, हे यावरून दिसले.

ती सुरकुती कशाची, याचा उलगडा १९९० साली झाला. पिष्ट तयार करण्यास लागणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक परका तुकडा घुसलेला आढळला. असे जागा बदलणारे तुकडे माणसातही आहेत. आपल्या जनुकसंचाच्या सुमारे तीनशे कोटी अक्षरांपैकी जवळजवळ निम्मी अशाच तुकड्यांपासून आलेली आहेत. प्रथिने घडविणारा मजकूर जेमतेम एक-दोन टक्के. बहुतेक तुकडे आता निपचित पडून आहेत. एखादा अजूनही उडी मारतो आणि रोग उद्भवतो. उलट, प्राचीन विषाणूकडून आलेले एक जनुक गर्भाची वार घडविण्याच्या कामी येते. टाकाऊ म्हणून कशाला हिणवावे?

१८६५ साली मेंडेल यांनी दोन व्याख्याने दिली, १८६६ साली निबंध छापला. जवळजवळ कोणीच लक्ष दिले नाही. १८६८ साली ते मठाधिपती झाले आणि पुढे मठावरील कराच्या वादात त्यांची वर्षे गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी ते वारले. गावाने एका मठाधिपतीला निरोप दिला, शास्त्रज्ञाला नव्हे. १९०० साली तीन वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांचा निबंध पुन्हा उजेडात आणला.